तोंडावरून फिरवलेला हात

कोस्कोल,
गुरुवार, २ नोव्हेंबर २००६

चि. येर्देन यास आपाचे अ. उ. आ.

आज सकाळी बादलीतलं पाणी गोठलं होतं. वरचा बर्फ फोडून चहा ठेवला. शाळेत दोन तास होते, सातवीला क्षार आणि नववीला आम्लं. दुपारी सासूबाईंना आंघोळ घातली. गुरुवार म्हणून कणकेच्या सात शेलपेक तळल्या आणि शेजारीपाजारी वाटल्या. तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात. मी रसायन शिकवते, वास कुठवर जातो ते मला ठाऊक आहे. तरी खिडकी उघडी ठेवली.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू हल्ली सभेतल्या आवाजात बोलतोस. मी तोंड उघडायच्या आत छान, उत्तम, पुढे बघायचं, असं म्हणून मोकळा होतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुझ्या दाजींच्या मातीला तू आलास. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ओराझाली काका काठी टेकून दारात उभे होते. त्या वयात, त्या थंडीत, फक्त तुझ्यासाठी. आपल्यात माणूस लांबूनच ओय बाउरिम, माझ्या भावा, असा हंबरडा फोडत येतो आणि दारातला माणूस त्याला मिठी मारतो. हे तुला मी शिकवायला नको. तू उतरलास, कोटाची बटणं नीट केलीस आणि तोंडातून आवाज न काढता चालत आलास. काकांनी हात पसरले होते ते तसेच राहिले. रात्री ते मला विचारत होते, पोराचा घसा बसलाय का गं? मी हो म्हटलं.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, वडिलांना एकट्यानं तुझं करणं जमेना. लग्न होऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. दाजींनी तुला खांद्यावर बसवून या घरात आणलं आणि सासूबाईंना सांगितलं की पहिला मुलगा झाला, जरा मोठाच झाला एवढंच. पुढे आम्हाला मूल झालं नाही तेव्हा लोक बोलायचे. दाजी म्हणायचे, आहे की एक, खातोय केवढा बघा.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी दाजी जेवायला घरी आले होते आणि तुला फोन घरूनच केला, म्हणून मी ऐकलं. तुझ्या कंपनीच्या धान्यकोठीतल्या ओल्या गव्हावर कवच धरलं होतं. आत उतरून ते फोडायचं तर खालचा धान्य वाहणारा पट्टा थांबवावा लागतो, नाहीतर धान्याबरोबर माणूसही खाली ओढला जातो. त्यांनी अर्धा दिवस मागितला. तू म्हणालास, दाजी, हात उघडून घेतलेली बाता आठवा, तो आशीर्वाद. फोन ठेवून ते मला हसत म्हणाले, साहेबांनी बाता आठवायला सांगितलंय. मग अर्धवट चहा तसाच ठेवून गेले. दुसऱ्या कुणाला आत पाठवायचं नाही म्हणून स्वतः उतरले. कवच फुटलं, आणि खाली पट्टा चालू होता.

गावात दाजींबद्दल म्हणतात, सापरगलींचा पाय घसरला. सासूबाई म्हणतात, माझा मुलगा कधी घसरत नव्हता, दारू प्यायला होता का? नव्वदीला टेकलेल्या आईला हा प्रश्न घेऊन झोपावं लागतंय.

दाजींच्या चाळिसाव्या दिवसाला ये. दारात रड, आणि मग चार माणसांत सांग की पट्टा चालू ठेवायला मी सांगितलं होतं. पोलिसाला नको सांगूस, मला ते नकोच आहे. सासूबाईंच्या समोर बसून सांग. तेवढंच मागते.

गरम कपडे घाल. लोभ होता तेवढा तरी राहू दे.

आपा

*

कोस्तानाय,
१२ नोव्हेंबर २००६

ती. आपास येर्देनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं. शेवटी सही दिसली नसती तर मी गृहपाठ करायला बसलो असतो.

आपा, मी रडलो नाही याचा अर्थ तू चुकीचा लावतेस. आमचे गुरू, उस्ताज, म्हणतात, दुःख हे कुत्र्यासारखं असतं, एकदा भाकरी टाकली की रोज दारात येतं. आम्ही सगळ्यांनी तसा नेम घेतलाय. मला काय वाटलं असेल ते तुला कळायला हवं. कोठीच्या माथ्यावर नेऊन दाजींनी मला पहिल्यांदा सगळा माळ दाखवला होता. त्यांनी आपल्या कमरेच्या पट्ट्यानं मला घट्ट बांधून ठेवलं होतं आणि म्हणाले होते, बघ, तुझी आई जिथे गेली तिथपर्यंत गहूच आहे.

उस्ताजांची तू टिंगल करतेस. तू पत्रात काही लिहिलं नाहीस, पण करतेस हे मला माहीत आहे. एकदा शांतपणे ऐक. सकाळी गाडीतून उतरलो की माझी वाट बघत माणसं उभी असतात. ओला गहू घ्यायचा की परत पाठवायचा, रेल्वेच्या वाघिणी कधी मागवायच्या, वाळवणाचं यंत्र दुरुस्त करायचं की नवं आणायचं. मला माहीत नसतं, आपा. कुणालाच नसतं. पुढल्या आठवड्यात पाऊस येईल का, हे कुणाला माहीत असणार? पण मला माहीत नाही, असं म्हणण्यासाठी मला संचालक केलेलं नाही. पूर्वी मी दाजींना विचारायचो. पुढे त्यांनाच हुकूम द्यायची पाळी आली. मग विचारणार कुणाला?

अल्माटीला कंपनीच्या मालकांनी आम्हा सगळ्यांना पहिल्यांदा उस्ताजांच्या सभेला नेलं तेव्हा मी मागच्या रांगेत बसून घड्याळ बघत होतो. उस्ताजांनी डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, तुम्ही बरोबर केलंत, असं तुम्हाला शेवटचं कोण म्हणालं होतं, ते आठवा. आपा, ते अख्खं सभागृह रडलं. बँकेचे, खाणीचे, रेल्वेचे साहेब, पोटं सुटलेले, टकलं पडलेले. उस्ताज खाली आले, माझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, तू बरोबर केलंस. काय बरोबर केलं, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्या रात्री मला दोन वर्षांनी झोप लागली.

चाळिसाव्याला मी येणारच. आणि उस्ताजही येतो म्हणाले आहेत. एवढा मोठा माणूस कोस्कोलला येतोय, सापरगली आगांच्या घरी बाता द्यायला. तुझ्या मनातली अढी ते आले की जाईल.

मेंढीची व्यवस्था मी करतो. तू दगदग करू नकोस. लोभात उणं पडू देऊ नये.

तुझा,
येर्देन

*

कोस्कोल,
१८ नोव्हेंबर २००६

चि. येर्देन यास अ. उ. आ.

पत्र बसच्या ड्रायव्हरनं घरी आणून दिलं. त्याला चहा पाजला, तो तुझी चौकशी करत होता. तुझ्या कंपनीतले सगळे साहेब हल्ली करड्या लोकरीची एकसारखी बंडी घालतात, दुकानात लागली आहे का, असं विचारत होता. मी म्हटलं, थंडी आहे.

उस्ताजला आणू नकोस. का, ते लिहिते.

जूनमध्ये तो इथं आला होता तेव्हा दाजींनी घरी येऊन सगळं सांगितलं होतं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तुम्ही त्याच्यापुढे मेंढीचं डोकं ठेवलंत. ते कसं कापायचं, कुणाला काय द्यायचं, त्या बिचाऱ्याला माहीत नाही. तो सुरी धरून त्या डोक्याकडे आणि डोकं त्याच्याकडे बघत बसलं. शेवटी तू कान कापून वाटलेस. त्याच्या ताटात उरलेले मांसाचे तुकडे तुमच्या मालकांनी कागदात बांधून नेले, नातवंडांना सारकीत म्हणून, थोरामोठ्यांच्या ताटातला घास. सारकीत आजोबांच्या ताटातलं नेतात रे, येर्देन, भाड्याच्या वक्त्याच्या नाही. दाजी म्हणत होते, हाड मात्र त्याच्या पाहुणचाराला आलेल्या कुत्र्यानं नेलं, कुत्र्याला आता बढती मिळणार.

मग तू त्याच्या कानात कुजबुजलास की आता बाता द्या. बाता म्हणजे काय, ते त्याला तुलाच सांगावं लागलं. त्यानं तळहात वर केले आणि गाडीचं वेळापत्रक वाचावं तसं म्हणाला, यंत्र थांबू नये, मन थांबू नये, नाही हा शब्द जिभेवर येऊ नये. तुम्ही सगळ्यांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले. दाजींनीही फिरवले. मी विचारलं, तुम्ही कशाला? ते म्हणाले, अगं, कुणी बाता देत असताना हात मिटून बसणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. पाहुणा होता.

ऑक्टोबरात गहू भिजून यायला लागला तेव्हा मी त्यांना म्हटलं, यंदा सगळा घेऊ नका, येर्देनला नाही म्हणून सांगा. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, मी तोंडावरून हात फिरवलाय. मी म्हटलं, त्या माणसाला बाता कळत तरी होती का? ते म्हणाले, त्याला नसेल कळत, मला कळते.

तू फोनवर नेमकं तेच आठवायला सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि पट्टा थांबवला असता. तू त्यांच्या घरात वाढलास, कोणती कळ दाबली की माणूस हलत नाही ते तुला माहीत होतं.

आणि एक. कोठीच्या कचेरीत त्या माणसाचा फोटो लावलाय, तो कुठे लावलाय बघितलंस का? लाल कोपऱ्यात, पक्षाचं राज्य असताना ज्या खिळ्याला त्या दाढीवाल्याची तसबीर होती त्याच खिळ्याला. आपले वडील दर सोमवारी त्या तसबिरीखाली उभे राहून पुस्तिका वाचायचे आणि सगळे टाळ्या वाजवायचे. ती तसबीर उतरवली त्या दिवशी ते घरी येऊन बूट न काढता बसले होते. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास, तुला ते तोंड दिसलं नाही. मला दिसलं होतं.

एकटा ये. लोभ कागदावर मागून मिळत नाही, म्हणून मागत नाही.

आपा

*

कोस्तानाय,
९ डिसेंबर २००६

ती. आपास सा. न. वि. वि.

हे पत्र दहा दिवस लिहायचं राहिलं, कारण मला राग आला होता. आता राग नाही, वाईट वाटतंय.

तू मला मान खाली घालायला लावलीस. सगळं किती नीट झालं होतं. एवढी माणसं कोस्कोलनं कधी एका घरात बघितली नसतील. उस्ताजांनी तुझ्या सासूबाईंचे हात हातात घेतले आणि त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा घसरला नाही, तो आपला शब्द पाळत गेला. त्या म्हातारीनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. तूच लिहिलं होतंस ना, की त्यांना तो प्रश्न घेऊन झोपावं लागतं? आता लागत नाही. हे मी केलं नाही, त्यांनी केलं. मला जमलं नसतं.

मग त्यांनी बाता दिली. पोराबाळांनी, म्हाताऱ्यांनी, मुल्लांनीसुद्धा हात उघडले. एकटी तू हात मांडीवर ठेवून बसलीस. मला वाटलं तुझं लक्ष नाही, म्हणून मी खुणावलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि हात शालीखाली घेतलेस. जाताना गाडीत मालकांनी मला सुनावलं.

तू सांगितलेलं मी का केलं नाही, हे विचारू नकोस. त्या गर्दीत ते वाक्य कुठे ठेवणार होतो? उस्ताजांनी एवढं सांगितल्यावर मी उठून काय सांगायचं होतं?

एक चांगली बातमी. अस्तानाच्या सभागृहात उस्ताजांनी दाजींची गोष्ट सांगितली. नाव घेऊन. सगळे उठून उभे राहिले, आपा, आणि टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचा तेलकंपनीचा माणूस रडत होता. तो दाजींना कधी भेटला नव्हता. मला वाटलं, दाजी कुठेच गेलेले नाहीत.

राग सोड. लोभ सोडू नये.

येर्देन

*

कोस्कोल,
१७ डिसेंबर २००६

चि. येर्देन यास अ. उ. आ.

शाळेत परीक्षा आहेत. पाइप फुटल्यामुळे मुलं टोप्या घालून पेपर लिहितात. तब्येत बरी आहे.

हात का उघडले नाहीत, ते सांगते, म्हणजे तुला विचार करत बसायला नको. मी कुणाचा अपमान करायला बसले नव्हते. मला भीती वाटली. या घरातून एकदा कुणीतरी भिडेखातर हात उघडले होते.

सासूबाई आता रडत नाहीत. त्यांनी दाजींचा तरुणपणीचा फोटो काढून भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की माझ्या मुलासाठी अस्तानात लोक उभे राहिले. मला म्हणतात, तू का रडतेस, शहीद माणसासाठी रडत नाहीत. आता या घरात रडायला मला जागा नाही. मी गोठ्यात जाते. गाय विकून झाली, पण गोठा आहे.

तू लिहितोस की दाजी कुठेच गेले नाहीत. येर्देन, ते गेले. चहाचा पेला अर्धा ठेवून गेले. त्यांना नीट जाऊ दे. त्यांची गोष्ट सभेत सांगू नका. हे दुसरं मागणं समज. पहिलं तू केलं नाहीस, त्याबद्दल आता बोलत नाही.

आपा

*

कोस्तानाय,
२५ मार्च २००७

ती. आपास सा. न. वि. वि.

नवरूझच्या शुभेच्छा उशिरा पाठवतोय. इथं हॉटेलात गव्हाची कोझे मिळाली, आंबट नव्हती, दुधाच्या खिरीसारखी होती. तुझी आठवण झाली. लहानपणी पातेल्याच्या तळाचे गहू मला आणि दाजींना वाटून द्यायचीस आणि आम्ही दोघं मोजायचो, कुणाला जास्त मिळाले ते.

तुझं डिसेंबरचं पत्र मी खिशात घेऊन हिंडतो. उत्तर लिहायला बसलो की उठतो.

आता मी उस्ताजांबरोबर असतो. कोठीचं काम दुसऱ्याकडे दिलंय. दाजींची गोष्ट आता मीच सांगतो, ती घरच्या माणसानं सांगितली पाहिजे असं ते म्हणाले. कारागांदाला सांगितली, पाव्लोदारला सांगितली. सांगताना माझा आवाज कापत नाही. पहिल्यांदा कापला होता.

तू मला पहिल्या पत्रात जे सांगायला सांगितलं होतंस, ते आज तुला सांगतो. फक्त तुला. पट्टा चालू ठेवायला मी सांगितलं. दाजी म्हणाले होते, येर्देनजान, अर्धाच दिवस. मी घड्याळ बघितलं होतं. महिनाभर पट्टा न थांबवणारी आमची एकटीच कोठी उरली होती, आणि महिना संपायला थोडेच दिवस होते. मला व्यासपीठावर बोलावणार होते.

आता बघ. उस्ताज चुकले असतील, तर दाजींना मी मारलं. उस्ताज बरोबर असतील, तर दाजी एका मोठ्या गोष्टीसाठी गेले. मी खूप शोधलं, आपा, यात तिसरं काही सापडलं नाही. म्हणून ते बरोबर आहेत. सकाळी गोलात उभं राहून मी टाळ्या वाजवतो त्या याच्यासाठी. जितकं जोरात वाजवावं तितकं बरं वाटतं. शेजारचाही जोरात वाजवतो. त्यानं काय केलंय ते मी विचारत नाही. कुणी खाण बंद करून अख्खं गाव रिकामं केलं असेल, कुणी आपल्याच भावाला कामावरून काढलं असेल. आम्ही एकमेकांना विचारत नाही. त्या माणसाचा हात मानेवर पडतो, तू बरोबर केलंस म्हणतो, आणि तेवढ्यावर पुढला महिना निघतो.

म्हणून मला दारात येऊन रडायला सांगू नकोस. एकदा रडलो तर ते दुसरं खरं होईल. मग मला जगता येणार नाही, आणि तुला तेही बघावं लागेल.

लोभ करावा असा मी उरलेलो नाही, तरी रीत म्हणून मागतो.

येर्देन

*

कोस्कोल,
२ एप्रिल २००७

चि. येर्देन यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. मग अंगण झाडलं, बर्फ वितळून सगळा चिखल झालाय.

तिसरं आहे. ते तुला सापडलं नाही कारण ते तू एकटा शोधतोस. तुझ्या हातून झालं आणि तरी तू या घरचा आहेस, हे तिसरं. दाजींनी तुला ओरडून, दोन दिवस बोलणं टाकून, तिसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली असती. त्यांच्या वतीनं हाक मारायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

ऑक्टोबरात वर्षाचं आस आहे, दाजींच्या नावाचं जेवण. ओराझाली काका विचारतात, तेव्हा तरी पोराचा घसा सुटेल ना? मी हो म्हटलंय.

ये. त्या माणसाला काही न सांगता ये.

आपा

*

कोस्कोल,
गुरुवार, १८ ऑक्टोबर २००७

चि. येर्देन यास अ. उ. आ.

परवा आस झालं. हवा कोरडी होती. माणसं बेताची आली. तू पाठवलेला तुझ्या नावाचा पुष्पहार पोचला, मुल्लांना ते चाललं नाही, म्हणून बाहेर कुंपणाला टेकवून ठेवला. काका काठी टेकून दारात उभे होते. लांबून प्रत्येक गाडीचा आवाज आला की काठी सरळ करायचे. त्यांचा चहा मी दोनदा बदलला. शेवटी ते आत आले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, घसाच बसला असणार.

त्याच दिवशी सकाळी मी खराटा घेऊन कबर झाडायला गेले होते. तिथं एक बस उभी होती. करड्या बंड्या घातलेले स्त्रीपुरुष कबरीभोवती गोल करून उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात निळ्या फितीला नावाचं कार्ड. मला वाटलं कंपनीची माणसं आहेत, आसला आली आहेत. पण ती चिमकेंतची होती, ताराझची होती, एक बाई सीमेपलीकडून ताश्केंतहून आली होती. ती फार अदबीनं बोलली. मला विचारलं, आजी, तुम्ही इथं झाडलोट करता का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, भाग्यवान आहात. म्हणाली, हंगाम सुरू व्हायच्या आधी इथं येऊन बाता घेतली की वर्षभर यंत्र थांबत नाही, असं येर्देन आगा सांगतात. मी विचारलं, येर्देन आगा आले नाहीत का? ते उस्ताजांबरोबर बिश्केकला आहेत म्हणाली.

मग त्यांनी तळहात उघडले. मेलेल्या माणसाकडून बाता मागितली. त्यांच्यातला पुढारी म्हणाला, सापरगली आगांनी आयुष्यात नाही हा शब्द उच्चारला नाही, तसं आमचं होवो. येर्देन, तुझे दाजी चहात साखर घालू का म्हटलं तर नाही म्हणायचे. नवा कोट घ्या म्हटलं तर नाही, मी गाऊ का म्हटलं तर दोनदा नाही. त्या दिवशी फोनवरही त्यांनी आधी नाहीच म्हटलं होतं.

मी खराटा धरून उभी होते. सांगावं असं वाटलं. पण ती माणसं डोळे मिटून उभी होती, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं माहीत आहे? आपले वडील बूट न काढता बसले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, तेच. मी खाली वाकून वाळक्या काटक्या वेचत राहिले. त्यांना घरी चहाला बोलवावं असंही वाटलं होतं, एवढ्या लांबून आली होती म्हणून. तेही झालं नाही. जाताना त्यांनी गळ्यातल्या फिती काढून कबरीच्या कठड्याला बांधल्या, अवलियाच्या झाडाला चिंध्या बांधतात तशा, आणि बसमध्ये बसून गेली.

ताश्केंतची ती बाई म्हणत होती की तिच्याकडेही यंदा न थांबणारा महिना आहे. ती सरकी काढायच्या कारखान्यात आहे. हे तुला कळवते आहे. बाकी काही सांगत नाही, तुला माहीत आहे.

काल शाळा सुटल्यावर जाऊन मी सगळ्या फिती सोडवल्या. गाठी घट्ट होत्या, कात्री न्यायला हवी होती. त्यांचं काय करायचं सुचेना, तेव्हा पिशवीत भरून आणल्या आणि गोठ्यात खुंटीला लावल्या. पुन्हा बांधतील, मी पुन्हा सोडवीन.

ये, असं आता लिहीत नाही. ओराझाली काका उभे राहतील की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तुझ्यावर रागावले आहे असं समजू नकोस. लोभ आहे. कुणावर आहे ते मला नीट सांगता येत नाही, पण आहे.

आपा

ता. क. पत्र बंद करायचं राहिलं, कारण मध्येच पीठ मळायला उठले. आज गुरुवार. परातीत बघते तर पीठ दुप्पट, दोघांच्या वाटणीचं घेतलेलं. गेल्या गुरुवारीही असंच झालं होतं, तेव्हा मला वाटलं चुकून झालं. जिवंत माणसाच्या नावानं शेलपेक तळत नाहीत, हे मला माहीत आहे. पीठ परत डब्यात टाकता येत नाही, म्हणून सगळ्या तळल्या. सासूबाई झोपल्या होत्या. खिडकी उघडली. कढईपाशी उभी राहून तळहात उघडले, प्रार्थनेतलं येतं तेवढं म्हटलं आणि तोंडावरून हात फिरवला. हाताला पीठ होतं, ते तोंडाला लागलं. मग बादलीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं.